लाली दिसायची वाट पाहू नका



दुधनीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, घरी आणले. घरी सोडताना सांगितले होते, ‘पाठीवर, कमरेवर लक्ष ठेवा. कातडी लाल दिसली की लगेच कळवा.’ ही सून रोज लक्ष ठेवत होती. कपडे बदलताना बघायची, अंग पुसताना बघायची. लाल कुठेच दिसले नाही. एके दिवशी ओल्या फडक्याने पुसताना माकडहाडावरची कातडी फडक्याबरोबर सरकून आली आणि खाली काळपट जखम दिसली. त्या लिहितात, ‘अम्मींच्या सेवेत मी कुठे कमी पडले? लोक म्हणतात, नीट बघितलं असतं तर कळलं असतं.’

भगिनी, तुम्ही नीटच बघत होता. तुम्हाला जी खूण शोधायला सांगितली होती, ती अम्मींच्या रंगाच्या कातडीवर बहुधा दिसतच नाही. गोऱ्या कातडीची खूण सावळ्या कातडीवर शोधली, की जखम होईपर्यंत काहीच सापडत नाही. आपल्या घराघरांत अशी माणसे अंथरुणावर आहेत. कुणाला अर्धांगवायू झाला आहे, कुणाचे हाड मोडले आहे, कुणी वयानेच थकले आहे. म्हणून हे उत्तर एकट्या या भगिनीला न देता सर्वांसाठी लिहीत आहे.

आत काय घडते?

माणूस एकाच जागी पडून राहिला, की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी आणि मांस दाबले जाते. त्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या मिटतात, रक्त पोहोचत नाही. तुम्ही-आम्ही झोपेतही कूस बदलतो, कारण दाबलेला भाग दुखू लागतो आणि शरीर आपोआप वळते. ज्याला वळता येत नाही किंवा दुखणे जाणवतच नाही, त्याच्या त्या भागातले मांस काही तासांत मरू लागते. यालाच बेडसोअर किंवा शय्याव्रण म्हणतात.

दाबाबरोबर ओढही लागते. पाठीमागे उशा लावून रुग्णाला बसते केले, की अंग हळूहळू पायथ्याकडे घसरते. कातडी चादरीला चिकटून जागीच राहते आणि आतले हाड पुढे सरकते. मधल्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात, पिळल्या जातात. त्यात घामाने किंवा लघवीने ओल आली, की कातडी भिजून नाजूक होते.

पुष्कळदा इजा आतून बाहेर येते. सगळ्यात जास्त दाब हाडाजवळ असतो, म्हणून आधी तिथले मांस खराब होते आणि कातडी वरून शाबूत दिसते. आतली इजा वर दिसायला दोन-तीन दिवसही लागतात. म्हणजे मंगळवारी उघडलेली जखम शनिवारी-रविवारी आत सुरू झालेली असू शकते.

लालीची खूण आली कुठून?

दाबलेल्या भागात रक्त परत धावते तेव्हा गोऱ्या कातडीवर लाली येते. त्यावर बोट दाबून उचलायचे. क्षणभर पांढरे पडून पुन्हा लाल झाले, तर रक्त खेळते आहे. बोट दाबूनही लाली हटली नाही, तर इजा सुरू झाली, ती पहिली पायरी. नर्सिंगच्या पुस्तकांत अनेक वर्षे हेच शिकवले गेले आणि गोऱ्या कातडीसाठी ते बरोबरही आहे.

आपल्या कातडीत मेलानिन हे रंगद्रव्य जास्त असते. सोलापूर जिल्ह्याच्या उन्हात शेतात राबलेल्या, दुधनीच्या बाजार समितीत तुरीची पोती उचललेल्या माणसाची कातडी तर आणखी रापलेली. हे रंगद्रव्य पडद्यासारखे मध्ये येते. खाली लाली असली तरी वर दिसत नाही आणि बोट दाबल्यावर पांढरेही पडत नाही. बघणाऱ्याला वाटते, सगळे ठीक आहे.

ही अडचण केवळ आपल्या गावची नाही. अमेरिकेतल्या वृद्धांच्या शुश्रूषागृहांत झालेल्या अभ्यासांत असे आढळले, की कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये पहिल्या पायरीची नोंद कमी आणि खोल जखमांची नोंद जास्त होते. पहिली पायरी त्यांनाही येतच होती, ती कुणाच्या नजरेला पडत नव्हती. तिथल्या शय्याव्रणविषयक राष्ट्रीय सल्लागार मंडळाने २०१६ मध्ये सुधारलेल्या व्याख्येत स्पष्ट म्हटले आहे, की गडद कातडीवर ही पहिली पायरी वेगळी दिसू शकते. २०२० मध्ये लंडनच्या सेंट जॉर्जेस विद्यापीठातला मॅलोन मुक्वेंडे हा विद्यार्थी आणि त्याच्या दोन शिक्षकांनी ‘माइंड द गॅप’ नावाची पुस्तिका काढली. आजारांच्या खुणा काळ्या आणि सावळ्या कातडीवर कशा दिसतात, हे तिच्यात चित्रांसह दाखवले आहे. पुस्तकांतली बहुतेक चित्रे गोऱ्या कातडीचीच असतात, हे त्याला शिकताना जाणवले होते.

कोरोनाच्या दिवसांत घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले. त्याच २०२० सालच्या शेवटी प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले, की कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ते यंत्र खरा ऑक्सिजन कमी असताना आकडा ठीक दाखवण्याची चूक अधिक वेळा करते. यंत्रालाही जिथे चकवा बसतो, तिथे घरातल्या सुनेला दोष देऊन काय मिळणार?

मग काय पाहायचे?

आपल्या रंगाच्या कातडीसाठी चार गोष्टी लक्षात ठेवा : रंगातला फरक, ऊब, स्पर्श आणि दुखणे. यातल्या दोन गोष्टी डोळ्यांना कळत नाहीत, हाताला कळतात. म्हणून हात वापरायला शिका.

पहिला रंग. लाल शोधू नका, वेगळे शोधा. आजूबाजूच्या कातडीपेक्षा एखादा भाग जास्त गडद, जांभळट, निळसर किंवा तपकिरी दिसतो का? ताणल्यासारखा, चकचकीत दिसतो का? डाव्या खुब्याची तुलना उजव्याशी करा, एका टाचेची दुसरीशी. हे दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ किंवा दार उघडून पाहा. पिवळ्या बल्बखाली जांभळा रंग ओळखू येत नाही. पावडर किंवा तेल लावले असेल तर आधी पुसून काढा. कातडी ओल्या फडक्याने किंचित ओलसर केली, की रंगातला फरक जास्त स्पष्ट होतो. मग टिपून कोरडी करा.

दुसरी ऊब. बोटांची मागची बाजू त्या भागावर ठेवा, मग चार बोटे अंतरावर ठेवा. तापलेल्या बाळाच्या कपाळाला आपण जसा हात लावून पाहतो, तसेच. इजा सुरू होताना तो भाग शेजारपेक्षा गरम लागतो, पुढे आतले मांस मरू लागले की गार लागतो. दोन्ही धोक्याचेच. मात्र एक काळजी घ्या. रुग्ण ज्या कुशीवर झोपला होता ती बाजू गादीमुळे गरम असणारच. कूस बदलल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबून मग हात लावा.

तिसरा स्पर्श. हलक्या बोटांनी चाचपून पाहा. शेजारपेक्षा घट्ट, फुगल्यासारखे लागते का? की उलट लिबलिबीत, आत पाणी असल्यासारखे? पेरू वरून चांगला दिसतो, पण हातात घेतला की एका जागी बोट आत जाते आणि तिथे आत सडलेले निघते. तसाच हा स्पर्श.

चौथे दुखणे. रुग्णाला विचारा, ‘इथे दुखतं का? आग होते का? खाज येते का?’ कातडीवर काहीच दिसण्याआधी पुष्कळदा हे सुरू झालेले असते. ‘पडून पडून दुखणारच’ असे म्हणून सोडून देऊ नका. ज्यांना बोलता येत नाही, ज्यांची स्मृती गेली आहे, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहा. हात लावताच कपाळाला आठी पडली, हात झटकला, तर तेच उत्तर समजा.

अर्धांगवायू झालेल्यांचा किंवा मणक्याला इजा झालेल्यांचा प्रश्न आणखी कठीण, कारण त्यांना दुखतच नाही. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे नाव आपल्या वाचकांना माहीत आहे. किशोरवयातच कमरेखालचे शरीर निकामी झाल्यावर त्यांनी चाकाच्या खुर्चीतून हजारो अपंगांसाठी काम उभे केले आणि ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन लिहिले. खुर्चीत बसून काम करणाऱ्या प्रत्येकासाठी बैठकीची दोन हाडे हीच धोक्याची जागा असते आणि त्या जागेची हाक त्यांना ऐकू येत नाही. अशांनी आरशात पाहायचे, हाताने चाचपायचे आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकून बैठकीवरचा भार हलका करायचा.

कुठे पाहायचे?

उताणे झोपणाऱ्याचे डोक्याची मागची बाजू, खांद्याची पाती, कोपरे, माकडहाड आणि टाचा. कुशीवर झोपणाऱ्याचे कान, खांदा, खुबा, गुडघ्यांच्या बाजू आणि घोटे. याशिवाय जिथे काही टेकते तिथे : नाकातल्या ऑक्सिजनच्या नळीखाली कानामागे, लघवीच्या नळीखाली मांडीवर, प्लॅस्टरच्या काठाशी. सलवारीच्या नाड्याची गाठ, कमरेचा ताईत, घट्ट बांगडी, चादरीची घडी यांचीही खूण उमटते.

एक गोष्ट आपल्या घरांत वेगळी आहे. ज्यांनी आयुष्यभर नमाज अदा केली, त्यांच्या घोट्यावर, गुडघ्यांवर आणि कपाळावर कातडी जाड आणि काळी झालेली असते. ती जुनी खूण आहे, इजा नव्हे. पण तिच्याआड नवी इजा लपू शकते. म्हणून माणूस अंथरुणाला खिळला त्याच दिवशी सगळे अंग एकदा पाहून घ्या. कुठे कुठला डाग आधीपासून आहे ते वहीत लिहा. पुढे शंका आली की ही वही साक्ष देईल.

दुसरी गोष्ट लाजेची. अब्बांची कंबर सुनेने कशी पाहायची, अम्मींची मुलाने कशी पाहायची, या संकोचात सगळ्यात धोक्याची जागाच पाहायची राहते. हया जपूनही हे करता येते. अब्बांचे मुलाने पाहावे, अम्मींचे मुलीने किंवा सुनेने पाहावे. अंगावर चादर ठेवून तपासायचा तेवढाच भाग उघडावा. घरात तसे कुणी नसेल तर आशाताईंना किंवा नर्सताईंना सांगावे. आधी रुग्णाला विचारावे आणि का पाहतो आहोत ते सांगावे. आजारी माणसालाही त्याचा मान असतो.

केव्हा पाहायचे, कूस किती वेळा बदलायची?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळापर्यंत मणक्याला गोळी लागलेले सैनिक बहुतेक मरतच. त्यांच्या मृत्यूची दोन मोठी कारणे म्हणजे शय्याव्रणे आणि लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग. १९४४ मध्ये इंग्लंडच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी अशा सैनिकांसाठी विभाग सुरू केला आणि नियम घातला : रात्र असो वा दिवस, दर दोन तासांनी प्रत्येकाची कूस बदलायची. जे जगणार नाहीत असे धरले होते, ते जगले आणि पुढे खेळू लागले. आजच्या पॅरालिम्पिक स्पर्धांची सुरुवात याच रुग्णालयाच्या मैदानावर १९४८ मध्ये झाली.

कुरआन वाचणाऱ्यांना सूरह कहफमधले गुहेतले तरुण आठवतील. त्यांच्या दीर्घ निद्रेत त्यांची कूस उजवीकडे-डावीकडे पालटली जात होती, असा उल्लेख त्या सूरहमध्ये आहे. झोपलेल्या माणसाची कूस पालटणे किती मोलाचे, हे यावरून मनावर ठसते.

घरासाठी हिशेब असा ठेवा. पलंगावर दर दोन तासांनी कूस बदला. चांगली गादी असेल आणि कातडी ठणठणीत असेल तर डॉक्टरांना विचारून हे अंतर थोडे वाढवता येते. कातडीची पूर्ण तपासणी दिवसातून निदान दोनदा करा. फज्रनंतर उजाडले की एकदा आणि असरच्या सुमारास, ऊन उतरण्याआधी एकदा. वुजू किंवा अंग पुसणे तेव्हा होतेच, त्याच हाताने तपासणी होऊन जाते. रात्रीच्या पाळ्या लावून घ्या. एकाच सुनेने महिनोन् महिने रात्री उठायचे आणि जखम झाली तर बोलही तिनेच ऐकायचे, हा न्याय नव्हे. आईवडिलांची खिदमत मुलांवरही आहे. इशानंतरची एक पाळी आणि मध्यरात्रीची एक पाळी मुलाने किंवा नातवाने घेतली तर घरातल्या बाईची झोप होईल.

कूस बदलताना ओढू नका. दोघांनी चादरीसकट उचलून सरकवा. पूर्ण कुशीवर ठेवण्यापेक्षा पाठीमागे उशी देऊन तिरपे ठेवा, म्हणजे खुब्याच्या हाडावर सगळा भार येत नाही. हाडाचे ऑपरेशन झाले असेल तर कोणत्या बाजूला वळवायचे हे आधी डॉक्टरांना विचारा. पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी ठेवा. हवेची गादी घेतली असेल तर उत्तम, पण तिच्या भरवशावर कूस बदलणे सोडू नका. वीज गेली की पंप बंद पडतो आणि रुग्ण थेट फळीवर येतो.

शंका आली तर

त्या जागेवरचा भार ताबडतोब काढा आणि पुन्हा तिच्यावर झोपवू नका. वेळ टिपून ठेवा. काही तासांनी पुन्हा हात लावून पाहा. ऊब, घट्टपणा, दुखणे दुसऱ्या दिवशीपर्यंत गेले नाही तर दाखवायला न्या. जांभळा डाग, फोड, उघडी कातडी, वास किंवा ताप असेल तर एक दिवसही थांबू नका.

काही गोष्टी करू नका. त्या जागी चोळू नका, आतले नाजूक झालेले मांस चोळल्याने फाटते. शेक देऊ नका. स्पिरिट, हळद, टूथपेस्ट, राख काहीही लावू नका. मध्ये भोक असलेली रबरी रिंग बैठकीखाली ठेवू नका, तिच्या कडेने रक्त अडते आणि मधला भाग आणखी उपाशी राहतो. स्वच्छतेसाठी वारंवार साबण लावून घासू नका. पाक राहण्यासाठी साधे पाणी पुरे. मऊ कापडाने टिपून कोरडे करा, लघवी-शौचाची ओल लागणाऱ्या जागी व्हॅसलिनचा पातळ थर लावा.

खाण्याकडे लक्ष द्या. कातडी आणि मांस भरून यायला प्रथिने लागतात. नुसता चहा-बिस्कीट आणि पातळ खिमटी यांवर जखम भरत नाही. अंडे, दूध, दही, तुरीचे घट्ट वरण, मऊ शिजवलेले मांस-मासे, दात नसतील तर शेंगदाण्याचे बारीक कूट, जे पचेल ते थोडे थोडे द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारा. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवा.

दुधनीकरांना सोलापूर गाठायचे म्हणजे अक्कलकोट ओलांडून जावे लागते, कुणी सीमेपलीकडे कलबुर्गीला जाते. झोपून असलेल्या माणसाला इतके लांब नेणे सोपे नाही आणि खर्चही होतो. म्हणूनच पहिली पायरी घरात ओळखणे महत्त्वाचे, तिथे नुसता भार काढल्याने काम भागते. गावातल्या आरोग्य केंद्रात, अक्कलकोटच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे आधी दाखवा. तिथेही कुणी वरवर पाहून म्हणेल, ‘लाल तर दिसत नाही.’ तेव्हा गप्प बसू नका. म्हणा, ‘डॉक्टरसाहेब, कालपासून ही जागा शेजारपेक्षा गरम लागते, दाबली की लिबलिबीत लागते, अम्मी हात लावू देत नाहीत. जरा हात लावून बघा.’ रोज हात लावणाऱ्याची साक्ष कुठल्याही पुस्तकापेक्षा कमी नाही.

ज्यांच्या घरी जखम उघडलीच आहे, त्यांनी घरगुती उपाय बंद करून डॉक्टरांकडून मेलेले मांस काढून घ्यावे आणि ड्रेसिंगची पद्धत शिकून घ्यावी. खोल जखमेला महिने लागतात, पण भार हटला, खाणे सुधारले आणि संसर्ग आवरला तर पुष्कळ जखमा इन्शाअल्लाह भरून येतात. बाकीच्या जागांवर रोज हात फिरवणे मात्र थांबवू नका. एक जखम झालेल्या रुग्णाला दुसरी होण्याचा धोका जास्त असतो.

तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी अंथरुणावर असेल, तर उद्या फज्रनंतर खिडकी उघडा, बिस्मिल्लाह म्हणा आणि दोन्ही टाचांना, मग माकडहाडाला बोटांची मागची बाजू लावून पाहा. फार तर पाच मिनिटे लागतील. आणि हे पान त्या घरातल्या ज्या मुलाने अजून एकही पाळी घेतलेली नाही, त्याला वाचायला द्या.